सफरचंद चाखून पारखायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी सफरचंद यायचं ते कुणी आजारी पडलं की. दवाखान्यात भेटायला जाताना पिशवीत चार मोसंबी आणि चार सफरचंदं, असा रिवाजच होता. ती बहुतेक वेळा पिठूळ निघायची आणि सफरचंद असंच लागतं अशी माझी पक्की समजूत होती. तिशी ओलांडल्यावर, एका ऑगस्टच्या अखेरीस, शिमल्याच्या वर कोटगढच्या एका बागेत झाडावरून नुकतंच काढलेलं रॉयल जातीचं सफरचंद हातात मिळालं. चावल्याबरोबर कट्टदिशी आवाज झाला आणि रस मनगटापर्यंत ओघळला. तेव्हापासून दर हंगामात मी सफरचंदं आणतो, कापतो, चाखतो आणि वहीत नोंद करतो. ओळखीपाळखीची माणसं जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सफरचंद चाखताना नेमकं काय बघायचं?

आधी पोत, मग चव. सफरचंदात पोत बिघडला तर गोडी असूनही फळ बाजूला सारलं जातं. आंब्याचं तसं नसतं, तिथे गर थोडा मऊ असला तरी आपण चालवून घेतो.

पोतात साल, टणकपणा, करकरीतपणा आणि रस या गोष्टी वेगवेगळ्या बघाव्यात. टणक आणि करकरीत यांत लोकांची गल्लत होते. दात रुतायला किती जोर लागतो तो टणकपणा. दात रुतल्यावर गर कसा तुटतो तो करकरीतपणा. कोवळी काकडी फारशी टणक नसते, तरी कडाकड मोडते. जून मुळा टणक असतो, पण चावताना चिवट लागतो. सफरचंदातही अशी दोन्ही प्रकारची फळं भेटतात.

चवीत गोडी, आंबटपणा, सालीजवळचा तुरटपणा आणि वास. गोडी मुख्यतः फ्रुक्टोजची असते, आंबटपणा मॅलिक आम्लाचा. वासाचं महत्त्व बघायचं असेल तर नाक दाबून एक फोड खा. नुसतं गोड-आंबट पाणी चघळल्यासारखं वाटेल. मग नाक सोडा. त्या क्षणी जो दरवळ येतो, त्यावरून जात ओळखायची.

सफरचंद पिठूळ का होतं? ती जातच तशी असते का?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सफरचंदाचा गर म्हणजे रसाने भरलेल्या बारीक पेशींची भिंत समजा. दोन पेशींना जोडणारा चुना म्हणजे पेक्टिन. फळ ताजं असतं तेव्हा हा चुना पक्का असतो. आपण चावतो तेव्हा विटा सुट्या होत नाहीत, मधोमध फुटतात आणि आतला रस तोंडात उडतो. फळ जुनं होत जातं तसं पेक्टिन विरघळू लागतं आणि चुना ढिला पडतो. मग दाताखाली पेशी फुटत नाहीत, अख्ख्याच्या अख्ख्या सुट्या होतात. रस त्यांच्या पोटातच राहतो आणि जिभेला लागतात ते कण. म्हणून पिठूळ सफरचंद कोरडं वाटतं, खरं तर त्याच्यात पाणी भरपूर असतं. भुसभुशीत उकडलेला बटाटा दाबल्यावर जसा सुटतो, तसाच हा प्रकार.

हे घडवून आणतो तो इथिलीन वायू, जो फळ स्वतःच सोडतं. आंबा-केळ्यासारखंच सफरचंदही झाडावरून उतरवल्यानंतर पिकत राहतं. थंडीत हे काम फार सावकाश चालतं, उन्हाळी हवेत झपाट्याने. हिमाचलातून निघालेली पेटी ट्रकने मैदानात उतरते, वाशीच्या किंवा पुण्याच्या मार्केटयार्डात येते, तिथून हातगाडीवर दोन दिवस उन्हात बसते. शेवटच्या त्या दोन दिवसांत जेवढं नुकसान होतं, तेवढं आधीच्या थंड प्रवासात होत नाही.

जातीजातीत फरक जरूर आहे. रॉयल किंवा रेड डेलिशियस गटातली फळं लवकर पिठूळ होतात. फुजी, ग्रॅनी स्मिथ, पिंक लेडी बराच काळ तग धरतात. पण हातात आलेलं एक पिठूळ फळ बघून ‘रॉयल ही जातच वाईट’ असं म्हणणं म्हणजे शिळी भाकरी खाऊन ज्वारीला नाव ठेवणं. जातीबद्दल बोलण्याआधी ते फळ कधी उतरवलं आणि कुठे ठेवलं होतं, हे विचारायला हवं.

जितकं लाल तितकं गोड, हे खरं ना?

नाही. लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. भरपूर ऊन आणि थंड रात्री मिळाल्या की तो चढतो. काही वाण तर फळ पुरतं तयार होण्याआधीच लालभडक दिसतात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे रेड डेलिशियसच. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात पेरू नावाच्या गावी जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत हे झाड आपोआप उगवलं. फळ तेव्हा पिवळसर, वर लाल पट्टे असलेलं होतं आणि त्याने त्याचं नाव हॉकआय ठेवलं होतं. मिसुरीतल्या स्टार्क ब्रदर्स रोपवाटिकेने ते घेतलं आणि ‘डेलिशियस’ नावाने विकलं. पुढे कित्येक दशकं त्याच्या फांद्यांवर आपसूक होणाऱ्या बदलांतून अधिकाधिक गडद लाल वाण निवडले गेले, कारण दुकानात लाल फळ आधी उचललं जायचं. रंग वाढला, साल जाड आणि कडवट झाली, गराची चव मागे पडली. गिऱ्हाईक डोळ्यांनी निवडू लागलं की बागायतदार डोळ्यांसाठीच पिकवतो. यात आपलाही वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा लाल रंगाऐवजी त्याच्या खालचा रंग बघा. देठाच्या खळग्यात किंवा सावलीत राहिलेल्या बाजूला सालीचा मूळ रंग दिसतो. तो गवतासारखा हिरवा असेल तर फळ कच्चं उतरवलेलं आहे. हिरव्यातून फिकट पिवळ्याकडे झुकला असेल तर नेमकं तयार आहे. पिवळा होऊन तेलकट वाटत असेल तर फळ उतरणीला लागलं आहे. हिरव्या राहणाऱ्या ग्रॅनी स्मिथला ही खूण लागू होत नाही.

दुकानात चावून तर बघता येत नाही. मग?

फळ हातात घेऊन वजन अजमावा. आकाराच्या मानाने जड लागायला हवं. कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारा. घट्ट फळ टणटणीत वाजतं, पिठूळ झालेलं बद्द वाजतं. थोड्या सवयीने हा फरक कळतो. कलिंगड आपण असंच तर घेतो. देठ हिरवट आणि लवचिक असेल तर फळ फार जुनं नाही. देठाभोवतीची साल सुरकुतली असेल तर घेऊ नका. वास घ्या. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या पिकल्या सफरचंदाला देठापाशी वास येतोच, मात्र तो खूपच गोडसर आणि आंबूस असेल तर उशीर झाला आहे.

अंगठ्याने दाबून मात्र बघू नका. दाबलेल्या जागी दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग पडतो आणि ते फळ दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जातं.

ओळखीच्या फळवाल्याकडून आधी एकच फळ विकत घेऊन तिथेच कापायला सांगणं, ही माझी पद्धत. चांगलं निघालं तर त्याच पेटीतली दोन किलो घ्यायची. आजवर कुणीही नाही म्हटलेलं नाही.

घरी पद्धतशीर चाखायचं असेल तर कसं?

एका जातीची किमान तीन फळं घ्या. एकाच झाडाचीही दोन फळं सारखी नसतात, कारण उन्हाकडचं फळ सावलीतल्यापेक्षा गोड असतं. इतकंच कशाला, एकाच फळाची उन्हाकडची बाजू आणि मागची बाजू यांच्या गोडीत फरक पडतो. म्हणून फोड दोन्ही बाजूंची खावी.

फळं फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. गारेगार फळात वास दबून राहतो. पण मे महिन्याच्या दुपारी ओट्यावर तापलेलं फळही नको, ते ढिलं लागतं.

आता सुरी चालवा आणि कान द्या. चांगल्या सफरचंदात सुरी अर्ध्यावर गेली की गर पुढे आपोआप तडकतो. पिठूळ फळात ती लोण्यातून गेल्यासारखी शेवटपर्यंत सरकते आणि पात्याला पांढरट कण चिकटतात. फोडीची दोन टोकं धरून वाकवा. करकरीत फोड टचकन मोडते, मोडलेल्या जागी रसाचे थेंब चमकतात. उतरलेली फोड आधी वाकते, मग फाटते. खाण्याआधीच निम्मा निकाल इथे लागतो.

पहिला घास समोरच्या दातांनी घ्या. मग दाढेखाली सावकाश चावा आणि बघा: रस पहिल्या चाव्याला सुटतो की चौथ्या? आधी गोडी येते की आंबटपणा? गिळल्यावर मागे काय राहतं? साल कागदासारखी चघळत राहावी लागते का? दोन जातींच्या मध्ये साधं पाणी प्यावं, शक्य तर एखादा चुरमुऱ्याचा घास घ्यावा. आंबट जात नेहमी शेवटी. ग्रॅनी स्मिथच्या पाठोपाठ कोणतंही सफरचंद पांचट लागतं आणि त्यात त्या बिचाऱ्या फळाचा काही दोष नसतो.

वहीत जात, तारीख, कुठून घेतलं, एवढं तरी लिहाच. ‘छान’ किंवा ‘बरं’ असले शब्द टाळा, सहा महिन्यांनी त्यांचा काही उपयोग होत नाही. माझ्या वहीतली एक नोंद अशी: ‘किन्नौर, ऑक्टोबर. सुरी अर्ध्यावर गेली, पुढे तडकलं. पहिल्या चाव्याला रस. गोडी मागाहून, बडीशेपेच्या जवळ जाणारा वास. साल जाड पण तुटते.’ ही ओळ वाचली की ते फळ आजही तोंडात येतं.

कोणती जात कशी लागायला हवी?

रॉयल डेलिशियस ही आपल्याकडची सगळ्यात ओळखीची. अमेरिकेतून येऊन हिमाचलात स्थायिक झालेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी 1916 च्या सुमारास अमेरिकेतून डेलिशियसची रोपं आणून कोटगढच्या परिसरात ठाणेधारला लावली. त्याआधी कुलूच्या बाजूला इंग्रजांनी लावलेली सफरचंदं आंबट होती आणि आपल्या लोकांच्या जिभेला ती रुचली नव्हती. गोड, जवळजवळ आंबट नसलेलं डेलिशियस आलं आणि हिमाचलच्या डोंगरउतारांचं रूप पालटलं. ताजं रॉयल करकरीत, रसाळ, मंद गोड आणि सुवासिक लागतं. आम्ल कमी असल्याने जुनं झाल्यावर मात्र ते अगदीच सपक होतं.

काश्मीरची अंबरी ही खास तिथलीच देशी जात. तिचा वास हेच तिचं वैभव. ताटलीत दोन फोडी ठेवल्या तरी खोलीत कळतं. गर पांढरा, गोड, आणि फळ टिकाऊ. डेलिशियसच्या लाटेत अंबरीच्या बागा कमी होत गेल्या. काश्मीरमध्ये तिचा संकर करून लाल अंबरी आणि सुनहरी हे वाण काढले गेले. बाजारात अंबरी दिसली तर भावाची घासाघीस न करता घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. मागणी राहिली तरच झाडं राहतील.

काश्मीरचीच महाराजी ओळखायला सोपी, लाल सालीवर ठळक पांढरे ठिपके. टणक, रसाळ आणि चांगलीच आंबट. कैरी आवडणाऱ्यांनी ही जरूर चाखावी. मीठ-तिखट लावून तर अप्रतिम लागते.

गोल्डन डेलिशियस पिवळी, पातळ सालीची, मधाळ. ती लवकर सुरकुतते, पण चव बरेचदा लाल भावंडापेक्षा सरस असते. पिवळी म्हणून लोक तिला हात लावत नाहीत, याची मला खरोखर हळहळ वाटते.

फुजी जपानच्या आओमोरी भागातली, रॉल्स जेनेट आणि रेड डेलिशियस यांच्या संकरातून काढलेली. 1962 मध्ये तिला हे नाव मिळालं. घट्ट, अतिशय गोड, रसाने गच्च. गाला न्यूझीलंडची, आकाराने लहान, साल पातळ, मुलांच्या डब्याला उत्तम. ग्रॅनी स्मिथ ऑस्ट्रेलियाची, हिरवी आणि आंबट. पिंक लेडीत गोड आणि आंबट दोन्ही चढे.

हनीक्रिस्प अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने 1991 मध्ये बाहेर आणली. आपल्याकडे क्वचित मिळते, पण परदेशी राहणाऱ्या वाचकांना ती ठाऊक असेल. तिच्या पेशी इतर सफरचंदांपेक्षा मोठ्या असतात, म्हणून चावताना फळ जणू फुटतं. पोतासाठीच नावाजलेली जात म्हणजे ही.

आंबट सफरचंदात साखर कमी असते का?

फारशी नाही. ग्रॅनी स्मिथ आणि रेड डेलिशियस यांच्या साखरेत जेवढा फरक जिभेला वाटतो तेवढा नसतो. ग्रॅनीत आम्ल कितीतरी जास्त असतं आणि ते गोडी झाकतं. चव ठरते ती साखर आणि आम्ल यांच्या प्रमाणावर. साठवणीत फळ स्वतःचं आम्ल हळूहळू खर्च करतं, म्हणून दोन महिने थंडीत ठेवलेली ग्रॅनी किंवा फुजी आधीपेक्षा गोड वाटते. डेलिशियसकडे मुळातच आम्लाची शिल्लक कमी. ते संपलं की उरते ती नुसती गोडी.

ब्रिक्स मोजायचं यंत्र घ्यावं का?

हौस असेल तर घ्या. रसाचा एक थेंब काचेवर टाकला की विरघळलेल्या घटकांचा, म्हणजे मुख्यतः साखरेचा, आकडा कळतो. सफरचंदाचा ब्रिक्स बहुधा 11 ते 15 च्या दरम्यान भरतो. पण 14 ब्रिक्सचं पिठूळ फळ कुणी आवडीने खात नाही. बागायतदार ब्रिक्सबरोबर टणकपणाही मोजतात: थोडी साल काढून 11 मिलिमीटर व्यासाचा दांडा गरात दाबतात आणि किती जोर लागला ते बघतात.

घरी करण्यासारखी तपासणी म्हणजे आयोडीनची. फळ आडवं कापून कापलेल्या भागावर टिंक्चर आयोडीन लावा. जिथे स्टार्च शिल्लक असेल तिथे निळं-काळं होईल. पूर्ण काळं पडलं तर फळ कच्चं उतरवलेलं आहे. गाभ्याकडून बाहेर पांढरं होत गेलेलं दिसलं तर स्टार्चची साखर होत आली आहे. हे फळ अर्थातच खायचं नाही, टाकून द्यायचं.

गाभ्याजवळ काचेसारखा ओलसर भाग दिसतो. फळ खराब आहे का?

नाही. तिथे पेशींच्या मधल्या पोकळीत सॉर्बिटॉल या गोडसर घटकाचा रस साचलेला असतो. फुजीत हे बरेचदा दिसतं. जपानमध्ये याला मध म्हणतात आणि त्यासाठी जास्त पैसे मोजतात. फक्त असं फळ फार दिवस ठेवू नका, तो भाग पुढे तपकिरी पडतो.

सालीसकट चाखावं की साल काढून?

दोन्ही. वासाचा मोठा वाटा सालीत आणि तिच्या लगतच्या गरात असतो, तुरटपणाही तिथेच. जातीचं खरं रूप सालीसकटच कळतं. वरची चकाकी नैसर्गिक मेणाची असू शकते किंवा वरून लावलेल्या खाद्य मेणाची. कोमट पाण्यात चोळून धुतलं की पुरे.

फोड लवकर काळी पडते म्हणजे फळात लोह जास्त, असं ऐकलंय.

लोहाचा संबंध नाही. कापल्यावर पेशी फुटतात, आतल्या पॉलिफेनॉलचा हवेशी आणि फळातल्याच एका विकराशी (एन्झाइमशी) संबंध येतो आणि रंग बदलतो. लिंबाचा रस किंवा मिठाचं पाणी लावलं की हे थांबतं. पण चाखायच्या फोडींना यांतलं काहीही लावू नका.

आपल्याकडे सगळ्यात चांगलं सफरचंद कधी मिळतं?

गणपतीपासून दिवाळीपर्यंत. हिमाचलच्या खालच्या पट्ट्यातली फळं जुलैत सुरू होतात, मग हळूहळू वरची, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात किन्नौरची. उंचावरची फळं सहसा अधिक घट्ट आणि टिकाऊ असतात. काश्मीरची मोठी आवक सप्टेंबरनंतर. हरतालिकेला किंवा घटस्थापनेला पूजेत मांडण्यासाठी जे पहिलं सफरचंद घ्याल, तेच प्रसाद म्हणून नीट लक्ष देऊन खाऊन बघा.

फेब्रुवारीनंतर मिळणारं देशी सफरचंद शीतगृहातलं असतं. ऑक्सिजन कमी केलेल्या गार खोल्यांत ते महिनोन्‌महिने टिकतं आणि पोतही बरा राहतो. मात्र वास तयार होण्याची क्रिया अशा हवेत मंदावते. एप्रिलमधलं सफरचंद करकरीत असूनही मुकं का लागतं, ते यामुळे.

महाराष्ट्रात पिकलेलं सफरचंद चवीला कसं असतं?

डेलिशियस जातींना हिवाळ्यात हजारेक तास कडक थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. कमी थंडीत फळणाऱ्या अ‍ॅना, डोरसेट गोल्डन आणि हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मा यांनी विकसित केलेली एचआरएमएन-99, या जाती इथे काही शेतकऱ्यांनी लावल्या आहेत. शर्मा यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. मी चाखलेली फळं रसाळ आणि आंबटगोड होती, पण उन्हाळ्यात तयार होत असल्याने ती फार लवकर मऊ पडली. अशी फळं उतरवल्यापासून दोन-चार दिवसांत खावीत आणि किन्नौरशी त्यांची तुलना करू नये.

पेटीभर पिठूळ निघाली. काय करू?

शिजवा. पिठूळ फळ लवकर गळतं आणि छान एकजीव होतं. किसून तुपावर परता, थोडा गूळ आणि वेलदोडा घाला, घट्ट होईपर्यंत हलवा. लिंबू पिळायला विसरू नका, नाहीतर नुसतं गुळमट होईल. उरलेली चांगली फळं बंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. केळ्यांशेजारी टोपलीत ठेवू नका.

आमच्या आजीला मऊ, पिठूळ सफरचंदच आवडतं. तिला चव कळत नाही असं म्हणायचं का?

मुळीच नाही. माझ्या आजीचे दात गेले होते. ती सफरचंद मधोमध कापायला लावायची आणि चमच्याने गर खरवडून खायची. करकरीत फळावर चमचा घसरायचा, रॉयल चार दिवस फडताळात राहिलं की बरोबर तिच्या मनासारखं व्हायचं. त्या फळाला वास हवा असा मात्र तिचा आग्रह असायचा. चमचा तोंडात घालण्याआधी ती अर्धं फळ नाकाशी धरायची, आणि वास नसेल तर परत ताटलीत ठेवून म्हणायची, ‘हे नको रे, दुसरं काप.’